घरची बिअर : हौस, परवाना आणि मोहाची फुलं

महाराष्ट्रात घरी बिअर तयार करणं हा गुन्हा आहे. विकण्यासाठी केली काय, पाहुण्यांसाठी केली काय किंवा नुसतं जमतंय का ते बघायला पाच लिटर केली काय, कायद्याच्या लेखी फरक पडत नाही. आढावा इथूनच सुरू करायला हवा, कारण या विषयावरच्या गप्पा बहुधा भलत्याच टोकापासून सुरू होतात. पिंपरी-चिंचवडमधल्या पिंपळे सौदागर, रहाटणी, वाकड या पट्ट्यात हिंजवडीत नोकरी करणारी आणि मधली काही वर्षं अमेरिका, जर्मनी किंवा ऑस्ट्रेलियात काढून आलेली कुटुंबं पुष्कळ. तिकडे शेजाऱ्याला गॅरेजमध्ये बिअर करताना त्यांनी पाहिलेलं असतं, काहींनी स्वतःही केलेली असते. परत आल्यावर कुणी सांगतं, ‘आपल्याकडेही चालतं, फक्त विकायची नाही.’ कुणी म्हणतं, ‘पिण्याचं परमिट काढलं की झालं.’ दोन्ही समजुती चुकीच्या आहेत.

तरीही प्रश्न विचारणं चुकीचं नाही. गेल्या पंधरा वर्षांत पुण्यात मायक्रोब्रुअरी रुजल्या, बिअरची चव, माल्ट, हॉप्स यांबद्दल लोक जाणतेपणाने बोलू लागले. त्याच काळात चंद्रपूरला दारूबंदी आली आणि उठलीही, आणि दारूच्या दुकानांविरुद्ध शहरातल्या सोसायट्या उभ्या राहिल्या. हौस, कायदा, आरोग्य आणि परंपरा असे चार धागे इथे एकमेकांत गुंतले आहेत.

जुना पेच

आंबवलेलं पेय घरात करण्याची मुभा कुणाला असावी, हा वाद फार जुना आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाचं स्वतंत्र प्रकरण आहे. सुरा करणं आणि विकणं राज्याच्या देखरेखीखाली होतं. पण त्याच प्रकरणात गृहस्थांना घरच्या कार्यापुरती पांढरी सुरा आणि औषधापुरतं अरिष्ट करण्याची मोकळीक दिलेली आहे, शिवाय उत्सव आणि जत्रांच्या वेळी चार दिवसांची सवलत. मक्तेदारी राज्याची आणि अपवाद घरचा, अशी ती मांडणी होती.

इंग्रजी अमलात हा अपवाद आक्रसत गेला. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने दारू गाळणं आणि ताडी काढणं परवान्याच्या आणि कराच्या चौकटीत घट्ट बसवलं. १८९२ च्या मोहा कायद्याने त्याहून पुढचं पाऊल टाकलं. ठाणे-कुलाबा भागात मोहाची फुलं गोळा करणं आणि साठवणं यांवरच बंधनं आली. जे फूल आदिवासी घरात अन्न म्हणूनही खाल्लं जात होतं, ते दारूचा कच्चा माल म्हणून संशयाच्या यादीत गेलं. वस्तू दारू होण्याआधीच तिला अडवायचं, हे धोरण तिथे प्रथम स्पष्ट दिसतं आणि आजच्या कायद्यातही ते शिल्लक आहे.

स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि १९५० पासून मुंबई राज्यात पूर्ण दारूबंदी लागू झाली. राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदाने तिला नैतिक पाठबळ दिलं. कायद्याला आव्हान दिलं गेलं, तेव्हा १९५१ मध्ये बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने काही तरतुदी रद्द केल्या, पण कायद्याचा गाभा उचलून धरला. साठच्या दशकापासून बंदी सैल होत गेली, पण कायदा रद्द झाला नाही. बंदी हा नियम आणि परवाना हा अपवाद, ही रचना तशीच राहिली. बारच्या पाटीवर आजही ‘परमिट रूम’ लिहिलेलं असतं ते त्यामुळेच.

कायदा नेमकं काय म्हणतो

आज ‘महाराष्ट्र दारूबंदी कायदा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या कायद्यात मद्याची व्याख्या अतिशय रुंद आहे. स्पिरिट, वाइन, बिअर, ताडी आणि अल्कोहोल असलेलं कोणतंही द्रव त्यात येतं. बिअरमध्ये माल्टपासून आंबवून केलेली सगळी पेयं धरली आहेत. निर्मिती म्हणजे मादक पदार्थ तयार होण्याची कोणतीही प्रक्रिया, मग ती नैसर्गिक असो वा कृत्रिम. कलम १२ मद्य तयार करायला मनाई करतं. कलम १३ मद्य तयार करण्याचं साहित्य, भांडी आणि उपकरणं बाळगायलाही मनाई करतं. शिक्षेच्या कलमात कैद आणि दंड दोन्ही आहेत.

परमिट मिळतं ते पिण्याचं, बाळगण्याचं. बिअरसाठी वयाची अट २१, कडक मद्यासाठी २५. बिअर तयार करण्याचा परवाना १९६६ च्या बिअर व वाइन निर्मिती नियमांखाली मिळतो आणि तो धंद्यासाठी असतो, मग कारखाना लहान असो वा मोठा. घरगुती वापरापुरत्या निर्मितीसाठी परवान्याचा प्रकारच अस्तित्वात नाही. त्यामुळे हौशी माणसाने नियमाने वागायचं ठरवलं तरी अर्ज कशाचा करायचा, हा प्रश्न उरतो.

घटनेच्या सातव्या परिशिष्टानुसार मादक पेयांची निर्मिती, बाळगणं, वाहतूक, विक्री हा सगळा विषय राज्यांचा. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने औद्योगिक अल्कोहोलही राज्यांच्या अखत्यारीत येतं असा बहुमताने निकाल दिला, तेव्हा राज्यांचा हा अधिकार आणखी भक्कम झाला. घरच्या बिअरबद्दल काही बदल व्हायचा तर तो मुंबईतून होईल, दिल्लीतून नव्हे.

या चौकटीत एक मोठा बदल घडून गेला आहे. २००९ मध्ये पुण्यातल्या कोरिंथियन्स क्लबमध्ये ‘डूलाली’ सुरू झाली. सुकेतू तळेकर आणि प्रतीक चतुर्वेदी हे तिचे संस्थापक आणि ऑलिव्हर शाउफ हे जर्मन ब्रुअर. राज्यातली ती पहिली मायक्रोब्रुअरी. मग मुंढव्याची इंडिपेन्डन्स, कोरेगाव पार्कची एफिनगट अशी नावं येत गेली आणि पुणं ताज्या बिअरचं शहर म्हणून ओळखलं जाऊ लागलं. तोवर महाराष्ट्रातली बिअर म्हणजे प्रामुख्याने छत्रपती संभाजीनगरच्या औद्योगिक वसाहतींमधल्या मोठ्या कारखान्यांचा माल. लहान प्रमाणात बिअर करणं शक्य आहे आणि त्यावर देखरेखही ठेवता येते, हे मायक्रोब्रुअरींनी दाखवून दिलं. पण त्यासाठी लागणारं भांडवल, जागा आणि परवाना शुल्क पाहता ती वाट हौशी माणसाची नाही.

प्रयोग म्हणजे काय

या छंदात माणसं एवढी का रमतात, हे समजल्याशिवाय वादातली पहिली बाजू कळत नाही. जिथे हे कायदेशीर आहे अशा ठिकाणी, न्यू जर्सीत एडिसनला, माझ्या आतेभावाच्या गॅरेजमध्ये मी हा सगळा खटाटोप सकाळपासून पाहिला आहे. वीस लिटर बिअरसाठी साधारण साडेचार-पाच किलो माल्ट लागतं, म्हणजे भिजवून, मोड आणून, वाळवून-भाजून घेतलेले सातू. ते भरडून ६५ ते ६७ अंशांच्या पाण्यात तासभर ठेवायचे. झाकण उघडलं की ताज्या भाजलेल्या सातूच्या पिठासारखा वास घरभर पसरतो. दाण्यातली विकरं या वेळात पिष्टाची साखर करतात. आतेभाऊ मधूनच चमचाभर पाणी पांढऱ्या बशीत काढून त्यावर आयोडिनचा थेंब टाकत होता. रंग निळा झाला तर पिष्ट शिल्लक आहे, तपकिरीच राहिला तर काम झालं. दोन अंशांचा फरकही चव बदलतो. खालच्या तापमानाला बिअर कोरडी होते, वरच्या तापमानाला अंगाने भरीव.

मग ते गोड पाणी गाळून तासभर उकळायचं. कडवटपणासाठी हॉप्स आधी आणि सुगंधासाठी शेवटी. झटपट थंड करून, वीस अंशांच्या आसपास आल्यावर यीस्ट घालायचं आणि हवा आत येणार नाही पण वायू बाहेर जाईल अशा झाकणाखाली दोन आठवडे ठेवून द्यायचं. घनतामापकावर सुरुवातीला १.०५० आणि शेवटी १.०१० आलं तर अल्कोहोल सव्वापाच टक्क्यांच्या आसपास आहे, हे आकडेमोडीने कळतं. बाटल्या भरताना लिटरमागे सहाएक ग्रॅम साखर घातली की बाटलीतच फेस तयार होतो. साखर जास्त झाली किंवा आधीचं आंबणं अपुरं राहिलं तर बाटली फुटते, काच उडते. या छंदातला खराखुरा शारीरिक धोका हा आहे.

विषारी दारूची भीती मात्र इथे गैरलागू आहे आणि हे नीट सांगितलं पाहिजे. २००४ मध्ये विक्रोळीत, २०१५ मध्ये मालवणीत माणसं मेली ती मिथेनॉलमुळे. मालवणीत शंभरावर बळी गेले. हे मिथेनॉल कारखानदारीतून चोरवाटेने दारूत मिसळलं जातं. धान्य आंबवताना ते घातक प्रमाणात तयार होत नाही. हॉप्स, आम्लता आणि अल्कोहोल यांमुळे बिअरमध्ये रोगजंतूही सहसा तग धरत नाहीत. आंबवणं आणि ऊर्ध्वपातन, म्हणजे भट्टी लावून गाळणं, या दोन वेगळ्या क्रिया आहेत. चर्चेत त्यांची सतत गल्लत होते आणि त्या गल्लतीने दोन्ही बाजूंचं नुकसान होतं.

हा प्रयोग पिंपळे सौदागरच्या हवापाण्यात कसा उतरेल, हा प्रश्न तांत्रिक अंगाने मला सगळ्यात रंजक वाटतो. पाण्याचंच पाहा. पवना धरणाचं पाणी सह्याद्रीतल्या पावसाचं, क्षार कमी असलेलं, मऊ. चेकमधल्या पिल्सेन गावची फिकट सोनेरी बिअर ज्या प्रकारच्या पाण्यावर उभी राहिली, त्याच्या जवळ जाणारं. पण पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर २०१९ पासून पाणी दिवसाआड येतं आणि मोठ्या सोसायट्या टँकर किंवा बोअरवर अवलंबून असतात. दख्खनच्या कातळातलं बोअरचं पाणी जड. त्यातल्या बायकार्बोनेटमुळे माल्टच्या मिश्रणाची आम्लता घटते आणि सालींतला तुरटपणा उतरतो. भाजलेलं काळं माल्ट वापरलं तर हा दोष बराचसा झाकला जातो. डब्लिनच्या जड पाण्यावर काळी स्टाउट बहरली ती याच कारणाने. एकाच इमारतीत सोमवारी नळाचं आणि मंगळवारी टँकरचं पाणी येत असेल, तर एकाच कृतीने दोन वेगळ्या बिअर होतील. शिवाय नळाच्या पाण्यातलं क्लोरीन काढलं नाही तर औषधासारखा वास येतो. उकळता काढा नळाच्या पाण्याने थंड करायला साठ-सत्तर लिटर पाणी सहज वाहून जातं, आणि टंचाईच्या भागात हे नजरेआड करता येत नाही.

तापमानाची अडचण याहून मोठी. नेहमीचं एल यीस्ट १८ ते २२ अंशांत नीट वागतं. पुण्यात असं तापमान घरात मिळतं ते थंडीचे तीन महिने. एप्रिल-मेमध्ये खोली तिशीच्या वर जाते, तेव्हा तेच यीस्ट डोकं धरायला लावणारी जड अल्कोहोलं तयार करतं. फ्रीजला तापमान नियंत्रक जोडणं हा एक उपाय. दुसरा अधिक मजेदार आहे. नॉर्वेच्या शेतघरांत पिढ्यान्‌पिढ्या जपलेलं ‘क्वाइक’ नावाचं यीस्ट तीस ते चाळीस अंशांत उत्तम काम करतं. थंड देशातल्या शेतकऱ्याने राखलेला जीव आपल्या उन्हाळ्याला मानवतो, हे मला फार सुंदर वाटतं.

धान्याचाही विचार व्हायला हवा. हॉप्स आणि चांगलं माल्ट यांसाठी आपल्याकडचा ब्रुअर बराचसा आयातीवर अवलंबून असतो. पण मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालेल्या राज्यात ज्वारीची बिअर का नाही, असं हौशी माणसं विचारतात. दक्षिण आफ्रिकेत ज्वारीची बिअर घरोघरी होत आली आहे. अडचण अशी की ज्वारीचं पिष्ट फुलायला सातूपेक्षा जास्त तापमान लागतं आणि त्या तापमानाला साखर करणारी विकरं टिकत नाहीत. ज्वारीत ही विकरं मुळातही कमी. म्हणून आधी ज्वारीच्या कण्या शिजवायच्या, मग त्या सातूच्या माल्टमध्ये मिसळायच्या, अशी दुहेरी पद्धत वापरावी लागते. नाचणी, कोकम, जांभूळ, गूळ यांची शक्यताही अशीच खुली आहे.

या भागाला आंबवण्याचं शास्त्र परकं नाही. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये १९५० च्या दशकापासून बुरशी आंबवून पेनिसिलिन केलं गेलं. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे आणि त्यात यीस्टचे अनेक वाण जपलेले आहेत. दापोडीत अल्फा लावल द्रवपदार्थ तापवण्या-निववण्याची यंत्रं करते. पुण्याची प्राज इंडस्ट्रीज अल्कोहोल आणि बिअरचे कारखाने उभारून देते. भोसरी-चाकणला स्टेनलेस स्टीलची कोणतीही टाकी करून मिळते. ज्ञान आणि हत्यारं चालत जाण्याच्या अंतरावर आहेत, घरच्या प्रयोगाला मात्र दार नाही, ही हौशी माणसाची खंत मला रास्त वाटते.

इतरांनी काय केलं

ब्रिटनमध्ये १८८० पासून घरच्या बिअरलाही परवाना लागत होता. १९६३ मध्ये अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी ती अट काढली. अमेरिकेत १९७८ मध्ये जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने एका प्रौढाला वर्षाला १०० गॅलन आणि दोन किंवा अधिक प्रौढ असलेल्या घराला २०० गॅलन, म्हणजे साधारण ७५७ लिटर, बिअर करमुक्त करता येऊ लागली. विक्रीला बंदी कायम राहिली. तिथेही राज्यांना वेगळं वागण्याची मुभा होती आणि मिसिसिपी व अलाबामा ही शेवटची दोन राज्यं २०१३ मध्ये सामील झाली. आज जगभर नावाजलेल्या कित्येक लहान ब्रुअरींचं मूळ या घरगुती प्रयोगांत आहे.

जपानने उलट भूमिका घेतली. एक टक्का किंवा त्याहून अधिक अल्कोहोल असलेलं पेय तिथे परवान्याशिवाय घरी करता येत नाही. ‘दोबुरोकु’ ही तांदळाची घरगुती दारू करणाऱ्याने हा आपल्या जगण्याच्या स्वातंत्र्याचा भाग आहे असा दावा केला, पण १९८९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने करवसुलीचं कारण मान्य करून बंदी कायम ठेवली. सुशिक्षित, श्रीमंत, शिस्तबद्ध देशाने सवलत दिलीच पाहिजे असं काही नाही, हे या उदाहरणावरून कळतं.

आपल्या देशात अपवाद आहेत ते समाजाच्या परंपरेवर आधारलेले. आसाममध्ये आदिवासी समाजांना घरगुती वापरापुरती भाताची बिअर करता येते. तिथल्या दिमासा समाजाच्या ‘जुदिमा’ला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मध्य प्रदेशात आदिवासींना मोहाची दारू स्वतःपुरती करण्याची मुभा आहे. ‘छंद’ या कारणासाठी दिलेली सवलत मात्र भारतात माझ्या नजरेस आलेली नाही.

चार बाजू

हौशी मंडळींचं म्हणणं थोडक्यात असं. दही, इडली, कांजी, लोणचं घरी आंबवायला कुणी अडवत नाही. मर्यादित प्रमाणात, विक्री न करता, भट्टी न लावता प्रौढ माणसाने स्वतःच्या घरात बिअर केली तर कुणाचं काही बिघडत नाही. सहा आठवडे वाट बघून तयार होणारी वीस लिटर बिअर हा व्यसनी माणसाचा मार्ग नव्हे. त्याला कोपऱ्यावरचं दुकान जवळचं. या मांडणीला अलीकडे खासगीपणाच्या हक्काची जोड मिळाली आहे. गुजरातमध्ये लागू असलेला कायदा हाच १९४९ चा कायदा आहे. घराच्या चार भिंतींत पिण्यावर बंदी घालणं खासगीपणाच्या हक्काशी सुसंगत आहे का, हा प्रश्न ऐकण्याजोगा आहे, असं गुजरात उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये म्हटलं. पिणं आणि तयार करणं यांत अंतर आहे, तरी युक्तिवादाची दिशा तीच.

राज्य उत्पादन शुल्क विभागाची अडचण व्यवहाराची आहे. लाखो स्वयंपाकघरांवर देखरेख कोण ठेवणार? वीस लिटरची परवानगी दिली आणि कुणी दोनशे केली, तर ते कळणार कसं? हौसेच्या नावाखाली मित्रांना ‘खर्चापुरते पैसे’ घेऊन बाटल्या देणं आणि विक्री यांत रेघ कुठे ओढायची? हातभट्टीवाला पकडला गेला की ‘मी फक्त आंबवत होतो’ असं म्हणेल, आणि गूळ-नवसागराच्या पिंपाजवळ उभं राहून ते खोटं ठरवणं सोपं नाही. मद्यावरचं शुल्क राज्याच्या तिजोरीचा मोठा आधार आहे, हेही एक कारण आहेच. तरी एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. नीरा आणि ताडी यांच्यातली रेघ राज्याने अनेक दशकं सांभाळली आहे. नीरा काही तासांत आपोआप आंबते, आणि तरीही परवाने, वेळा, केंद्रं ठरवून ती विकली जाते. बारीक फरकावर आधारलेलं नियमन अशक्य नाही, त्याला माणसं आणि इच्छा लागते.

आरोग्य आणि दारूमुक्तीच्या चळवळीची भूमिका सगळ्यात गंभीर आहे आणि हौशी गटांत ती पुरेशा आदराने ऐकली जात नाही. अल्कोहोल पहिल्या गटाचा, म्हणजे सिद्ध झालेला, कर्ककारक आहे. सुरक्षित म्हणावं असं मद्याचं कोणतंही प्रमाण नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केलं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ वर्षांवरच्या पुरुषांपैकी सुमारे १९ टक्के मद्य घेतात असं दिसलं, स्त्रियांमध्ये हे प्रमाण जेमतेम एक टक्का. दारू पिणारा बहुधा पुरुष आणि तिचे घाव सोसणारी घरची बाई. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या कामातून, चंद्रपुरात गावोगावच्या बायकांच्या मोर्च्यांतून हेच पुढे आलं. त्यांचा मुद्दा साधा आहे. दारू घराबाहेर ठेवायला ज्या बायकांनी वर्षानुवर्षं झगडा केला, त्यांच्यासमोर घरातच दारू करण्याला ‘छंद’ म्हणून प्रतिष्ठा द्यायची का? मुलांसमोर पिंपात बिअर बुडबुडते आहे, हे चित्र त्यांना मान्य नाही. २०१५ मध्ये लागू झालेली चंद्रपूरची बंदी २०२१ मध्ये उठवली गेली, तेव्हा बंदी चालत नाही असा निष्कर्ष एका बाजूने काढला आणि ती चालवलीच गेली नाही असा दुसरीने.

शेजारपाजाऱ्यांची बाजू लहान वाटते, पण पिंपरी-चिंचवडसारख्या सोसायट्यांच्या शहरात तिला वजन आहे. मार्च २०२५ मध्ये भोसरीचे आमदार महेश लांडगे यांनी विधानसभेत विषय लावून धरला आणि सोसायटीच्या आवारातल्या गाळ्यात नवं बिअर किंवा दारूचं दुकान काढायचं तर सोसायटीचं ना हरकत प्रमाणपत्र लागेल, असं तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी जाहीर केलं. दुकानाबद्दल इतके सावध असलेले रहिवासी वरच्या मजल्यावरच्या प्रयोगाबद्दल उदार असतील असं मानायचं कारण नाही. वास, गॅसवर तासभर उकळणारं मोठं पातेलं, फुटणाऱ्या बाटल्यांची भीती, ड्रेनेजमध्ये जाणारा चोथा. चोथ्याला उत्तर आहे, मोठ्या ब्रुअरींचा चोथा जनावरांच्या खाद्यासाठी जातोच. बाकीच्यांना उत्तर शोधावं लागेल.

न सुटलेल्या गाठी

पहिली गाठ टक्क्यांची. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांत अर्ध्या टक्क्याहून जास्त अल्कोहोल असेल तर ते मद्ययुक्त पेय. दारूबंदी कायद्याच्या व्याख्येत मात्र अशी खालची मर्यादा नाही. पुण्यात आज कोंबुचा घरोघरी केला जातो, आल्याची आंबवलेली पेयं केली जातात. उन्हाळ्यात बाटली बाहेर राहिली तर अर्धा टक्का ओलांडायला फार वेळ लागत नाही. ही माणसं गुन्हेगार आहेत असं कुणीच म्हणत नाही, पण ती कायद्याच्या नेमकी कोणत्या बाजूला उभी आहेत हे कुठे लिहिलेलंही नाही. घरच्या बिअरचा निर्णय काहीही होवो, ही खालची रेघ आखून घ्यायला कुणाचा विरोध असण्याचं कारण दिसत नाही.

दुसरी गाठ परिणामांची. घरी करणारा माणूस जास्त पितो की कमी, यावर दोन्ही बाजू ठामपणे बोलतात आणि दोन्ही बाजूंचा आधार आसपासची उदाहरणं हाच असतो. अमेरिका-ब्रिटनचे अनुभव इथे जसेच्या तसे लावता येत नाहीत. तिथे पिणं समाजमान्य आहे, इथे ते बहुतेक घरांत लपवलं जातं, आणि लपवून पिण्याचे परिणाम वेगळे असतात.

तिसरी गाठ मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. हौशी ब्रुअरसाठी सवलत मागताना आपण कुणाच्या शेजारी उभे आहोत, याचा विचार फार थोडे करतात. जव्हार-मोखाड्यात किंवा धडगाव-अक्कलकुव्यात मोहाची फुलं आंबवणाऱ्या बाईकडे तीच परंपरा आहे, जिच्याबद्दल शहरातला माणूस पुस्तकं वाचून, आयात यीस्ट मागवून कौतुकाने बोलतो. तिच्या दारात धाड पडते, मडकी फुटतात, खटला होतो. फ्लॅटमधल्या माणसाकडे सहसा कुणी फिरकत नाही. ती बहुधा गाळते आणि हा फक्त आंबवतो, हा फरक खरा आहे आणि सुरक्षिततेच्या दृष्टीने मोठाही आहे. पण तिच्या घरात लग्न, सण, देवाचा नैवेद्य यांत त्या पेयाला जागा आहे. यातल्या कोणत्या कारणाला कायद्याने जास्त मान द्यायचा, हे ठरवणं केवळ तंत्राचं काम नाही. मोहाची फुलं गोळा करण्यावरची बंधनं सैल करण्याच्या दिशेने राज्य अलीकडच्या वर्षांत सरकलं आहे. फुलापासून पुढच्या मडक्याचा प्रश्न मात्र तिथेच आहे.

परंपरेच्या आधारावर आदिवासींना सवलत द्यायची तर शहरी हौशी माणूस तिच्या बाहेर राहतो. छंदाच्या आधारावर शहरी माणसाला दिली आणि मोहा बाहेर ठेवला, तर १८९२ चाच अन्याय नव्या कपड्यांत उभा राहील. दोघांना एकाच नियमात बसवायचं तर प्रमाण, विक्रीबंदी आणि गाळण्याची बंदी यांवर तो नियम उभारावा लागेल, आणि त्यातली गाळण्याची अट मोहाच्या परंपरेला मान्य होणार नाही. गडचिरोलीच्या बायका तर दोन्हीला विरोध करतील आणि त्यांचं म्हणणं अनुभवातून आलेलं आहे. माझं स्वतःचं मत असं, की असा मसुदा कधी झालाच तर त्याची पहिली जाहीर सुनावणी पुण्या-मुंबईत न होता जव्हारला आणि गडचिरोलीला व्हावी. पिंपळे सौदागरच्या हौशी माणसाला तोवर थांबावं लागेल. मायक्रोब्रुअरीत जाऊन ब्रुअरशी बोलता येतं, पाण्याची आणि धान्याची जाण वाढवता येते, ज्वारीच्या कण्या किती अंशांना फुलतात हे घरच्या चुलीवर बघता येतं. यीस्टचं पाकीट मात्र, आजच्या कायद्यात, बंदच ठेवायचं आहे.